पापणीपुरता फोकस

रविवारी सकाळी माझा मित्र माधव आणि त्याचे शेजारी दिघे आपापल्या कॅमेऱ्याच्या लेन्स घेऊन गॅलरीत बसले होते. दोन्ही लेन्स जुन्या, जड, हाताने फोकस करायच्या आणि भरपूर उजेड आत घेणाऱ्या. तुलनेसाठी चेहरा हवा होता, म्हणून माधवची बायको, सुधावहिनी, समोर बसल्या. त्यांची अट एकच होती: बहिणीने दिलेल्या मोत्याच्या कुड्या फोटोत दिसल्या पाहिजेत.

"मी त्या घालतच नाही म्हणून रुसून बसलीय ती."

दोघांनी लेन्सचं तोंड पूर्ण उघडून, श्वास रोखून फोटो काढले. वहिनींची एक पापणी लख्ख आली. बाकी सगळं धुकं.

"काय विरघळलंय बघा!" दिघे म्हणाले.

"माझ्या लेन्समध्ये जास्त मऊ विरघळलंय," माधव म्हणाला.

"अहो, पण माझे कान कुठे गेले?"

रसिकता वाढत गेली की बहुधा असंच होत असावं. एका पापणीवर जीव जडतो आणि तिच्यामागचं माणूस पार्श्वभूमीत जमा होतं.

"आता गुमान आठवर घ्या," वहिनी म्हणाल्या. लेन्सचं तोंड आठच्या आकड्यापर्यंत आवळलं की सगळंच स्पष्ट येतं, संसारात तेवढं त्या शिकल्या होत्या. दोघांनी नाइलाजाने लेन्सची तोंडं आवळली. कुड्यांचा मोती न् मोती उमटला. मात्र कोणता फोटो कोणाच्या लेन्सचा, हे दोघांनाही सांगता येईना.

वहिनींनी त्यातला एक बहिणीला पाठवला. लगेच उत्तर आलं: "शोभतायत गं तुला! फोन नवा घेतलास का?"