पुढच्या चाकाचा टायर

काळ्या टायरच्या पोकळीत वाकळ दाबून केलेलं घरटं आणि त्यात मुठी आवळून झोपलेलं, महिन्याचंही न झालेलं बाळ... भूकंप म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे पडलेली घरं येत नाहीत, हे चित्र येतं.

लोह्यात, नांदेड-लातूर रस्त्याला लागून माझ्या वडिलांचं – अप्पांचं – जुन्या टायरांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि मोकळ्या जागेत रचलेल्या टायरांच्या उतरंडी. कुणी अर्धवट झिजलेले टायर देऊन जायचं, नवे न परवडणारे त्यातलेच निवडून न्यायचे. एरवी त्या तापल्या रबराच्या वासाने नाकाला पदर लावणारी आमची गल्ली गणपती बोळवल्यानंतरच्या त्या पहाटेपासून तिथेच राहायला आली. जमीन हलली तेव्हापासून दगडी भिंतीशेजारी बसायचं धाडस कुणात उरलं नव्हतं आणि आमच्याकडे पडायला भिंतच नव्हती. चुलीचा धूर, भाकरीचा खरपूस दरवळ आणि रबर यांचा एकच वास झाला होता.

बाळ शेजारच्या शबानाभाभींचं. "अप्पा, तुमच्या ह्या वासानं भूकंपबी वळसा घालून जाईल बघा," असं म्हणून त्यांनी भेदरलेल्या बायकांना पहिल्यांदा हसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस धापा टाकत आला. समोरच्या वळणावर त्याच्या अँबॅसिडरचा पुढचा टायर फुटला होता, जादाचा आधीच वाटेत गेला होता. तो हदगावचा, माधवराव. आपल्या जिनिंगवाल्या मालकाची गाडी उसनी घेऊन निघालेला. लातूरच्या पलीकडे, जिथली गावंच्या गावं गेल्याचं रेडिओ सांगत होता, तिथे त्याची बहीण दिली होती.

"कोणताबी द्या अप्पा, पण लवकर."

"कोणताबी न्हाई चालत. पुढचं चाक हाय," अप्पा म्हणाले. आतून ठिगळ लावलेला टायर ते मागच्या चाकालाच देत. पुढचं फुटलं तर गाडी हाताबाहेर जाते, म्हणून पुढच्यासाठी मागणाऱ्याला सरळ परत पाठवत. यावरून गिऱ्हाईकं चिडत, टोमणे मारत, पण अप्पा बधत नसत.

त्या मापाचे टायर त्यांनी एकेक करून उलटे केले, आत हात फिरवला आणि बाजूला ठेवले. सगळेच ठिगळाचे. बिनठिगळाचा एकच होता... अप्पांनी वाकळीकडे पाहिलं आणि नजर वळवली. रात्रभर रडलेलं पोर नुकतंच निजलं होतं. मागणार तरी कसं?

"ठिगळाचाच द्या," माधवराव म्हणाला. "जाईन हळूहळू."

"हळू जाऊन कसं पोचशील बाबा?" – हे शबानाभाभींनी विचारलं. त्यांनी वाकळीसकट बाळ अलगद उचललं. "काढा अप्पा हा. ह्याला काय, माझ्या मांडीवर झोपंल. ह्यांची बहीण कुठं निजली हाय, अल्लाला ठाऊक."

बाळ रडलं. त्या रडण्यातच अप्पांनी टायर चढवला, आणि गाडी धुळीत दिसेनाशी झाली.

काही दिवसांनी ती परत आली. माधवरावाच्या शेजारी माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती, डोकं बांधलेलं, डोळे कोरडे. ती सुमन. बहीण आणि मेहुणे दोघंही गेले होते. भाची ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. "हिच्या मागं कोणी न्हाई असं समजून छावणीवाले लांबच्या गावी आश्रमात धाडून राहिले होते, अप्पा. मोटारीत बसवली होती. थोडा उशीर झाला असता तर कुठं शोधलं असतं हिला?" एवढं बोलून तो टायरांच्या उतरंडीला टेकून रडला. अप्पांनी तांब्या भरून आणला. शबानाभाभींनी बाळ सुमनच्या मांडीवर ठेवलं. तिने हळूच त्याचं डोकं सावरलं.

पुढे माधवमामा येता-जाता आमच्याकडे थांबू लागले, आणि सुमन माझी मैत्रीण झाली. दहावीनंतर लातूरला शिकायला जायचं वारं आमच्याकडेही आलं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, सायकलींचे थवे, खोल्या-खोल्यांतून घोकंपट्टीची गुणगुण... एकट्या मुलीला तिथे पाठवायला घरचे तयार नव्हते. सुमन येते म्हटल्यावर झाले. मेसच्या पातळ वरणापासून पहाटेच्या क्लासपर्यंत सगळं आम्ही वाटून घेतलं. ती नर्स झाली, मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. ती नसती, तर मी लोह्यातच राहिले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता अप्पा नाहीत. दुकानाच्या जागेवर काचेचं शोरूम आहे. तिथे रबराचा वाससुद्धा येत नाही. पण माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा अप्पा होते. सुमन आणि मी पाया पडलो तर म्हणाले, "आधी भाभीकडं जाऊन या दोघी."

पेढे घेऊन गेलो. सुमनने त्या टायरचं सांगितलं.

"कोणता टायर गं?" भाभींनी विचारलं. आम्ही दोघींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी खूप आठवून पाहिलं; त्यांना काही आठवेना.

"असंल बाई," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला जेवायला बसवून भात वाढू लागल्या.