रात्री साडेदहाचा खोकला

आमच्या सोलापुरात नळाचं पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण माझ्या लेकीचा खोकला रात्री साडेदहाला यायचा. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी यायचा, पाण्याच्या दिवशी यायचा, दुसऱ्या दिवशीही यायचा. ती चार वर्षांची. दिवसभर जिन्यात धावायची, बर्फाचा गोळा खायची, बालवाडीत घसा फाटेपर्यंत ओरडायची आणि ठणठणीत असायची. रात्री नऊला झोपायची आणि साडेदहाला झोपेतच तिला कोरडी ढास लागायची. मग उठून बसायची, रडायची, बाराच्या सुमाराला दमून पुन्हा झोपायची. सव्वा महिना हे चाललं होतं आणि पोरीचे डोळे खोल गेले होते.

ती आजीजवळ झोपते. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. त्या माढ्याजवळच्या एका खेड्यातल्या. लेक सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली, तेव्हा त्या दोन लुगडी घेऊन आमच्या फ्लॅटवर आल्या आणि राहिल्या. मी बँकेत काउंटरला बसते. त्या आहेत म्हणून बसते. त्या उद्या गावी गेल्या तर परवा मला राजीनामा द्यावा लागेल, हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे, आणि आम्ही दोघी ते कधी बोलून दाखवत नाही.

आमचं भांडण झालं होतं ते एकदाच, दिवाळीत. आत्या मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी त्यानं दात घासत अर्धा तास बसायचं. एके सकाळी पाहते तर लेक त्यांच्या शेजारी उकिडवी बसून डबीत बोट घालते आहे. मी घर डोक्यावर घेतलं. या घरात मिश्री राहणार नाही असं जाहीर केलं, आणि नवऱ्यानं पहिल्यांदाच आईसमोर माझी बाजू घेतली. आत्यांनी डबी कचऱ्याच्या बादलीत टाकली. "सोडली बघ," म्हणाल्या. चाळीस वर्षांची सवय मी एका सकाळी सोडवली, हे मी बँकेत सगळ्यांना सांगितलं. काहींना दोनदा सांगितलं.

खोकला त्यानंतर पंधरा दिवसांनी सुरू झाला. आत्यांनी लगेच इलाज हातात घेतले. हळद-दूध झालं, आल्याचा रस मधातून झाला, छातीला तेल झालं. शेवटी ओव्याची पुरचुंडी आली. मागच्या गॅलरीत पाणी तापवायला एक जुना गॅस आहे. त्यावर तवा ठेवायचा, ओवा फडक्यात बांधून गरम करायचा आणि पोरीची छाती शेकायची. रोज रात्री दहाला आत्या तवा घेऊन गॅलरीत जायच्या. आम्ही नवरा-बायको पुढच्या खोलीत दार लावून झोपायचो. ही बाई या वयात नातीसाठी किती करते, असं मला वाटायचं, आणि दिवाळीत जास्तच बोलले म्हणून थोडी लाजही वाटायची.

डॉक्टरांकडे आम्ही तिघी गेलो. त्यांनी छाती तपासली, साफ होती. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी सिगारेट ओढतं? कॉइल, धूप, कसला धूर?"

"आमच्या घरात कसलंच व्यसन नाही," मी मान ताठ करून म्हणाले. "होतं, तेही मी बंद केलं."

आत्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी एक औषध लिहून दिलं आणि धुळीपासून, धुरापासून जपा म्हणाले.

धूर म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागच्या गॅलरीत रात्री काहीतरी जळल्याचा वास मला दोन-तीनदा आला होता. तळमजल्यावरचे काका, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मागच्या मोकळ्या जागेत लिंबाचा वाळका पाला गोळा करून पेटवतात. मी तशीच खाली गेले आणि त्यांना म्हणाले की तुमच्या पाल्यापायी माझ्या पोरीला झोप नाही. काका म्हणाले, पाला मी संध्याकाळी सहाला पेटवतो आणि सातला विझवतो. मी म्हणाले, धूर घड्याळ बघत नाही. मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिला. काकांनी पाला पेटवणं बंद केलं आणि माझ्याशी बोलणंही बंद केलं. खोकला मात्र बंद झाला नाही.

मग आत्या पुतणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेल्या. मी रजा टाकली. आणि काय सांगू, त्या आठ दिवसांत पोर एकदाही खोकली नाही. औषधाला गुण आला, असं आम्ही ठरवलं. मी डॉक्टरांना फोन करून आभार मानले. नवव्या दिवशी आत्या परतल्या, आणि त्या रात्री साडेदहाला ढास हजर.

"दृष्ट लागली," आत्या म्हणाल्या. "बरी झाली, बरी झाली म्हणून तू गावभर सांगत सुटलीस की."

त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. दृष्ट असली की मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. आमच्याकडे असा ठसका उठला की वरच्या मजल्यावरची माणसं खिडक्या लावायला धावली. म्हणजे दृष्ट नव्हती. आत्यांचा चेहरा पडला.

माझा संशय काकांवर पक्का झाला. दाखवायला पाला बंद केला असेल आणि रात्री गुपचूप पेटवत असतील, असं मी नवऱ्याला म्हणाले. निवृत्त मास्तर रात्री उठून पाला कशाला जाळतील, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, माझ्यावरच्या रागापायी. त्यावर तो कूस बदलून झोपला. मी मोबाईल घेतला, आत्या स्वयंपाकघर आवरत होत्या तेवढ्यात मागच्या गॅलरीत गेले आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरीमागे दबा धरून उभी राहिले. काकांचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा बेत होता.

खाली सगळं सामसूम होतं. जरा वेळानं गॅलरीचं दार उघडलं आणि आत्या आल्या. तवा ठेवला, ओव्याची पुरचुंडी तापवली, आत नेऊन ठेवली. परत आल्या. कमरेची पिशवी सोडली, त्यातून चिमूटभर काहीतरी काढलं आणि तव्यावर टाकलं. धूर उठला. तवा होता आत्यांच्या खोलीच्या खिडकीखाली. खिडकीला डासांची जाळी आहे, डास अडतात. धूर सरळ आत गेला. आतून पोरीची ढास ऐकू आली, आणि चादरीमागून माझी.

"कोण हाय तितं?"

"मी."

"तू हितं काय करतीस?"

"काकांना पकडायला आले होते," मी खोकत म्हणाले.

आत्यांनी गॅस बंद केला. "आन् घावले मी," म्हणाल्या.

मी विचारलं की सोडली म्हणाला होतात ना. त्या म्हणाल्या, "पंधरा दिस कसंबसं काढलं, सुटत न्हाय गं. डोकं फुटतंया सकाळी. डबी ठिवली की तुला घावती. म्हनून तुमी दार लावलं की रोज सकाळपुरती चिमूटभर भाजती, ओव्याच्या आदीपास्नं. काय उरत न्हाय, काय दिसत न्हाय."

पूर्वी त्या महिन्यातून एकदा, गावाकडे गेल्या की चुलीवर डबीभर भाजून आणायच्या. रोज रात्री, लेकीच्या उशाला, हे माझ्या बंदीमुळे सुरू झालं होतं. आत पोर खोकतच होती. आत्यांनी खिडकीकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, पुन्हा खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, ते मला तेव्हा दिसलं.

"म्हंजी मीच व्हय," त्या म्हणाल्या. तव्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि आत जाऊन पोरीला मांडीवर घेऊन बसल्या. रात्रभर त्या तिथून उठल्या नाहीत.

सकाळी दारात त्यांची पिशवी भरलेली होती. "मला स्टँडवर सोड," त्यांनी मुलाला सांगितलं. नवरा दाढीचा फेस लावून न्हाणीघरात गेला आणि बाहेर यायचं नाव घेईना. खोटं कशाला सांगू, मला आधी माझी नोकरी आठवली. मग लेक आठवली. मग आत्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीला आपण त्रास दिला म्हणून ती बाई रात्रभर रडली होती, आणि मग मला नोकरी-बिकरी काही आठवेना.

"राहा," मी म्हणाले. "भाजायची नाही, आणि पोरीच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. विकतची आणा आणि न लपवता लावा. सुटेल तेव्हा सुटेल."

"इकतची कोन आननार? मला लाज वाटती."

"मी आणते."

संध्याकाळी बँकेचं ओळखपत्र पर्समध्ये लपवून मी पानटपरीवर उभी राहिले आणि मिश्री मागितली. टपरीवाला म्हणाला, "ताई, नवीनच सुरू केली काय?" घरी आत्यांनी पुडी हुंगली, "ही राख हाय," म्हणाल्या आणि नाक मुरडून फळीवर ठेवली. चार दिवसांची पुडी त्यांना पंधरा दिवस पुरली.

भाजणं थांबलं त्या पहिल्या रात्री साडेदहाला मी आपोआप जागी झाले. घर शांत होतं. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं तर आत्या पोरीच्या छातीवर हात ठेवून बसलेल्या.

"झोपला नाहीत?"

"गप पडलीया. खोकत हुती तवा कळायचं तरी," त्या म्हणाल्या. मीही शेजारी बसले. पोर तोंड उघडं टाकून झोपली होती. तिची गोधडी सारखी करत आत्या म्हणाल्या, "खालच्या मास्तरांस्नी उद्या जाऊन सांग. धूर आमच्याच घरचा हुता म्हनावं."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेतला आणि काकांची माफी मागितली. धूर आमच्याच घरचा होता, तंबाखू भाजल्याचा, म्हणाले. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तंबाखूचा? तुमच्यात कोण घेतं?"

आत्या मागेच, जिन्यात, लेकीचा हात धरून उभ्या होत्या. खाली मान घालून पायरीकडे बघत होत्या.

"मी," मी म्हणाले.

तेव्हापासून काका जिन्यात भेटले की मला थांबवून तंबाखूचे दुष्परिणाम समजावून सांगतात. मी सगळं ऐकून घेते, आणि आत्या शेजारी उभ्या राहून म्हणतात, "ऐक जरा मास्तरांचं."