बिनखिडकीची खोली

माझ्या आईवर झालेला अन्याय उघडा पडला तो गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, येडगाव धरणाच्या काठावर.

जुन्नरच्या बाजारात आमच्या संघटनेची, अन्यायाविरुद्धची पत्रकं काढून देणारे एक झेरॉक्सवाले भाऊ आहेत. मशीन चालू असेल तोवरच बोलतात. वर्षभर एकच विषय, मुंबईहून गोव्याला जाणारं जहाज. घरच्यांसाठी सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची खोली ठरवली. "खिडकीला पैसे कशाला, राव? समुद्र वर डेकवर फुकट दिसतो." त्यांची आई जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवते, म्हणून भर समुद्रात दिवस कधी मावळतो, हेही त्यांनी एजंटला विचारलं. मी त्यांना तोंडावर चैनबाज म्हणायचो. खरं तर जळायचो.

पाडव्याला ते सगळ्यांना घेऊन आमच्या धरणावर आले. बोट कुणाला लागते ते बघायला मच्छीमाराच्या होडीत बसवलं. म्हातारी भडाभडा ओकली. "मला नको नेऊ रे," म्हणाली. भाऊंनी तिचं तोंड पुसलं. "आई, समुद्र लई मोठा हाय. तिथं खुशाल ओक."

मला त्या ओकणाऱ्या म्हातारीचाही हेवा वाटला. कारण काठावर धुणं धुणारी माझी आई हातातला पिळा तसाच धरून विचारत होती, "समुद्र याच्यापेक्षा मोठा असतो का रं?" आमच्या घरानं तिला माहेरापलीकडे कुठंच नेलं नव्हतं.

वाचणाऱ्या भावा, हे पत्रक खाली ठेव आणि घरातल्या बाईला विचार, तिला कुठं जायचंय. "कुठं नाय" म्हणाली, तर परत विचार.