काठावर ओढलेली नाव

आष्टीला बदली झाली त्या वर्षी मी संध्याकाळी धरणाकाठी फिरायला जात असे. तिथे पन्नाशीचा एक मासेमार दिसे, नेहमी एकटा. बाकीचे लोक दगडाचा नांगर टाकून आपल्या नावा पाण्यातच ठेवत. हा मात्र शीड उतरवून, दर दोन पावलांनी दम खात, आपली छोटी नाव पार वर ओढून आणी. मदतीला कोणाला हाक मारत नसे.

एकदा आभाळ भरून आलं, तेव्हा मीच हात लावला. नाव वर आल्यावर विचारलं, "नांगर टाकला तर काय बिघडतं?"

"मोकळी नाव लाटेसंग वर जाते. बांधलेलीले जाता येत नाई, पाणी आत घुसते." मग तो म्हणाला, "लहान भाऊ वादळात नाव वाचवाले गेलता. दोर नाई तुटला, दगड नाई हालला. नाव बांधली होती तिथंच सापडली, पाण्याखाली. भाऊ तिसऱ्या दिवशी सापडला."

तेवढ्यात वारा सुटला. नावेच्या आडोशाला सरकून त्याने मला जागा करून दिली.

"बसा जरासे," तो म्हणाला. "हे वारं एकट्यानं ऐकवत नाई."