शेवटच्या पंगतीतली शुगर

चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्यात उजेड पाडून पाहिला, मग रक्ताचा रिपोर्ट पाहिला, आणि डोळ्यापेक्षा रिपोर्टकडेच जास्त वेळ पाहत राहिले.

"मोतीबिंदू दोन्हीकडे आहे, हा तर पिकला आहे," ते म्हणाले, "पण एवढी शुगर असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. पथ्य करा, शुगर खाली आणा, मग ऑपरेशनची तारीख देतो. भात बंद. गोड बंद. दिवाळीचे चार दिवस तेवढे सांभाळा, की झालं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं. डॉक्टर पुण्याकडून नवीनच आलेले. त्यांना कसं सांगायचं, की आमच्या मूल तालुक्याकडे दिवाळी चार दिवसांत संपत नाही, ती गावोगाव फिरायला निघते? लक्ष्मीपूजन झालं की मंडया सुरू होतात. आज या गावची मंडई, परवा शेजारच्या गावची. दिवसा बाजार, पाळणे, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, आणि रात्री नाटक. ज्या गावची मंडई असेल त्या गावच्या प्रत्येक घरी पाहुणे. लेकी-जावई, व्याही, आणि व्याह्यांचेही व्याही. खाल्ल्याशिवाय कोणी उठत नाही आणि वाढल्याशिवाय कोणी उठू देत नाही. हे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं.

भाताचं तर विचारूच नका. नवरा राईस मिलमध्ये कामाला आहे. संध्याकाळी अंगावर कोंडा घेऊनच घरात शिरतो. दिवाळीच्या सुमारास नवं धान निघतं आणि साऱ्या गावाला शिजत्या भाताचा वास सुटतो. त्या वासात बसून भाकरी चावणं म्हणजे नदीत उभं राहून तहान सोसणं.

पण डोळा मला हवा होता. मागच्या मंडईला मी निवडलेल्या तांदळात खडा राहिला आणि तो नेमका नणदेच्या नवऱ्याच्या दाताखाली गेला. तेव्हापासून ते आमच्याकडे प्रत्येक घास आधी जिभेने चाचपतात. ते एक वेळ सोसलं असतं. खरं लागलं ते पोळ्याच्या दिवशी. माझी मुलगी नागपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. ती न सांगता आली आणि दारात येऊन उभी राहिली. मी सुपातून मान वर केली आणि म्हटलं, "कोण पाहिजे बाई?"

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. बॅग खांद्यावरच ठेवून तशीच उभी राहिली, आणि मग तिचा आवाज आला, "आई, मी आहो."

म्हणूनच डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, तसं ते तिने आपल्या ताब्यात घेतलं. रोज संध्याकाळी फोन.

"आई, आज का खाल्लं?"

"ज्वारीची भाकर न् वांग्याची भाजी."

"आणखी?"

"आणखी का? काहीच नाई."

"मंग चावून का राह्यली?"

आता काय सांगावं! मी चकल्या तळत होते. चार घरांचा फराळ ज्या बाईच्या हातचा असतो तिने चव पाहायची नाही, तर कोणी पाहायची? चव पाहणं खाण्यात धरत नाहीत, असा माझा लग्न झाल्यापासूनचा समज आहे. शिवाय मोडकी चकली पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही, तिची काहीतरी सोय लावावी लागते. त्या वर्षी माझ्या चकल्या फार मोडल्या. का मोडल्या, त्याचा मी शोध घेतला नाही. करंज्या फुटल्या, शंकरपाळे वाकडे निघाले, आणि ताटात उरलेल्या घासांचं तर काय, नव्या तांदळाचा भात उकिरड्यावर टाकायला हात होत नाही. मी जेवत नव्हते हो, आवरत होते.

भाऊबीज झाल्यावर रक्त तपासलं. शुगर उतरायची सोडून आणखी वर गेली होती. मी मुलीला फोनवर आकडा सांगितला. वाटलं, आता रागावेल. ती नुसतं "बरं" म्हणाली.

त्या "बरं"ने मला रात्रभर झोप लागू दिली नाही. सकाळी उठून मी ठरवलं, की आता आपल्या गावची मंडई येईल, घर पाहुण्यांनी भरेल, पण आपण चवही पाहायची नाही. मीठ कमी पडलं तर पडू दे.

मंडईच्या दिवशी पहिल्या बसने राजुऱ्याहून नणंद उतरली. तिचा नवरा मागून, आणि त्याच्या हातात स्टीलचा मोठा डबा. डबा उघडायच्या आधीच मला कळलं, की आत अनारसे आहेत. नणदेच्या हातचे अनारसे म्हणजे जाळी पडलेले, खसखशीचे, तोंडात घातले की आधी कुरकुरतात आणि मग नाहीसे होतात.

"वहिनी, एक खा."

"नाई बाई. डोळ्याचं ऑपरेशन अडलं आहे."

"अवो, गुळाचे आहेत. साखर टाकलीच नाई मी, तुह्यासाठी म्हणून."

"गूळ बी चालत नाई."

"गूळ चालत नाई?" तिने नवऱ्याकडे पाहिलं, जणू मी हवा चालत नाही म्हटलं होतं. "मंग अर्धा खा. पाया पडतो तुह्या. मंडईच्या दिवशी का शुगर चढते कधी?"

मी हात जोडले. डबा तिने चुलीशेजारच्या फळीवर ठेवला, माझ्या डोळ्यांच्या अगदी समोर. धूसर डोळ्यालाही तो दिसत होता.

मुलीचा फोन आला. "शुगरची गोळी घेतली?"

"घेतली."

"आता लगेच जेवजो. गोळी घेतल्यावर जेवण लांबवाचं नाई."

"बसूनच राह्यली," मी म्हटलं. आमच्याकडच्या सगळ्या बायका असंच म्हणतात, हातात झारा धरून.

पहिल्या पंगतीला म्हातारी माणसं आणि पोट्टे. लाखोळीच्या डाळीचे वडे कढईतून निघत होते आणि निघता निघता संपत होते. दुसऱ्या पंगतीला चुलत दिराचे जावई आणि त्यांचे मित्र. तेवढ्यात नवरा मिलमधल्या माणसांना घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "अवो, यायले बी वाढून दे, बाजारात भेटले." त्यांची पंगत झाली. मग बायका बसल्या. "तुम्ही बी बसा ना वो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमचं होऊ द्या." त्यांनी आणखी आग्रह केला नाही, कारण त्यांच्या घरीही त्या असंच म्हणतात.

वडे सोडताना माझे हात कापायला लागले. कपाळावर घाम आला. मंडईच्या थंडीत घाम! छातीत धडधडू लागलं आणि सगळं लक्ष त्या एका डब्याकडे जाऊन थांबलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली. एवढी म्हातारी होत आलेली बाई, आणि अनारसे पाहून हात थरथरतात? मी मनातल्या मनात स्वतःला चांगलंच झापलं. डब्याकडे पाठ केली. हात आणखी कापले, तर मी आणखी ताठ उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी मोहाला हरवत होते आणि पाहायला कोणी नव्हतं, याचं थोडं वाईटही वाटलं.

मग झारा खाली पडला. मी तांदळाच्या पोत्याला टेकून बसले. बसले म्हणजे, पायांनी ठरवलं.

फळीवरचा फोन वाजू लागला. नणदेने उचलला.

"आत्याबाई, आई कुठी आहे?"

"इथीच आहे, पोत्यापाशी बसली. घामानं भिजून गेली. दमली असन."

"जेवली का ती?"

नणदेने माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून घरात एवढी माणसं जेवून गेली, पण हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. मलाही नाही.

"नाई वाटते," ती म्हणाली.

फोनमधून मुलीचा आवाज साऱ्या घरात घुमला. "शुगर उतरली तिची! आत्याबाई, साखर दे, पाण्यात कालवून. आत्ता!"

"साखर? हिले?" नणंद म्हणाली. "सकाळपासून पाया पडून राह्यली मी हिच्या, अर्धा अनारसा खाल्ला नाई हिनं!"

"आत्याबाई!"

मग ती धावली. लोट्यातलं गोड पाणी तिने माझ्या ओठांना लावलं. मी ते प्याले. थोडं सावरल्यावर तिने हातात अनारसा दिला आणि मी तो खाल्ला. इतका वेळ टाळलेली वस्तू अखेर औषध म्हणून खावी लागली, आणि ती खाताना मी रडत होते. चांगला झाला होता म्हणून की लाज वाटली म्हणून, मला अजून सांगता येत नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. तासाभरात गावभर झालं, की अमक्याची बायको गोडाविना पडली. शेजारीण लाडू घेऊन आली. "शरीराले गोड लागतेच वो. या डॉक्टर लोकायले का समजते?" दुसरी आली ती करंज्या झाकून. मिलवाल्यांनी बाजारातून जिलबी पाठवली. नवऱ्याचा चेहरा असा, जणू डॉक्टरांशी त्याचा जुना वाद होता आणि तो आज जिंकला. कालपर्यंत मी गोड खाऊ नये म्हणून पहारा होता, आता खावं म्हणून बसला. शुगर चढते तशी उतरतेही, गोळी घेऊन उपाशी राहिलं की उतरते, हे मी ज्याला ज्याला सांगायला गेले, त्याने माझ्या हातावर एक लाडू ठेवला.

संध्याकाळी मुलीने फोन केला. आवाज शांत होता. "डॉक्टरले विचारलं मी. गोळी न् ताट सोबत पाहिजे म्हणाले. तू दिवसभर चाखतेस न् सांज पडता जेवतेस, तुही शुगर तशीच वरखाली होत राहीन. ऑपरेशन मंग कधीच होणार नाई. उद्यापासून तू पहिल्या पंगतीत बसाचं."

मला हसू आलं. नवराही हसला. पाहुणे भरलेल्या घरात घरची बाई पहिल्या पंगतीत! नणंद मात्र हसली नाही. ती वडे उचलून ठेवत होती, ती थांबली. "मी बी माह्या घरी शेवटीच जेवतो," ती म्हणाली, आणि पुन्हा वडे ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी, रात्रीचं नाटक पाहून पाहुणे उशिरा उठले. स्वयंपाक नणदेने केला. गोळी झाल्यावर तिने मला खांद्याला धरून पाटावर बसवलं. पुढे ताट. भाकरी, वालाच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोपटाच्या शेंगांची भाजी, वरण, आणि मुलीने परवानगी दिलेला मूठभर भात. बाकी कोणाचंच ताट नाही.

"तू खाल्ल्याशिवाय कोणाले वाढत नाई मी," ती म्हणाली.

जावई भिंतीला टेकून उभे. नणदेचा नवरा खाटेवर. नवरा हातात रिकामा गडू घेऊन मधोमध. सगळे माझ्याकडे पाहत होते. रात्रीच्या नाटकालाही एवढं लक्ष दिलं नसेल. मी घास उचलला आणि तो कसा चावतात ते विसरले. अनारशाचा डबा समोर उघडा होता, पण मला त्याची जराही ओढ वाटेना. ओढ होती ती उठायची. कोणाचं तरी पाणी संपलं असेल. चुलीवर काहीतरी करपत असेल.

"ताटात मीठ वाढलं नाई. मीठ कुठी आहे वो?" नवऱ्याने विचारलं.

मी अर्धी उठले. नणदेने खांद्यावर हात दाबला. "तो शोधीन."

तो शोधू लागला. डबे वाजले, झाकण पडलं. मी दुसरा घास गिळला. आवाजावरूनच मला कळत होतं, की तो चुकीच्या फळीवर शोधतो आहे.

तेवढ्यात दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. बाईमाणूस, खांद्याला काहीतरी अडकवलेलं. मला फक्त उजेडावर एक काळी आकृती दिसली. पाहुणी म्हटल्यावर माझे पाय माझे उरले नाहीत. खरकटा हात तसाच धरून मी उठले. "या ना बाई, बसा जेवाले."

नवऱ्याचे डबे वाजायचे थांबले.

"आई," ती म्हणाली, "खाली बस."

नागपूरहून पहाटेच्या बसने आली होती. तिने बॅग ठेवली, माझ्या समोर मांडी घातली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. एवढ्या जवळून मला तिचे डोळे दिसले. मी बसले. भाकरीचा तुकडा मोडला. ती पाहत राहिली, आणि मी एकेक घास शेवटपर्यंत खाल्ला, परीक्षेला बसल्यासारखा. मध्ये एकदाच डावा हात वर करून खिडकीजवळच्या फळीकडे बोट दाखवलं.

मीठ तिथे होतं.