अप्पांची न कापलेली गारगोटी

माझ्या सासऱ्यांना तळ्यातून बाहेर काढायला अग्निशमन दलाची गाडी आली, तेव्हा त्यांना जाऊन दहा दिवस झाले होते.

दोष माझाच. (आमच्या घरी हे वेगळं सांगावं लागत नाही.)

अप्पा, म्हणजे माझे सासरे, सिव्हिल इंजिनियर. इलिनॉयमधल्या पुलांवर आणि रस्त्यांवर त्यांनी जन्मभर काँक्रीट ओतलं आणि रिटायर झाल्यावर शॉमबर्गला आमच्या गराजमध्ये ते अगेट कापत बसले. अगेट म्हणजे आपली पट्ट्यापट्ट्यांची गारगोटी. बाहेरून बटाट्यासारखी दिसते, पण कापून पॉलिश केली की आत रंगीत पट्टे. प्रत्येक चकतीखाली अप्पांच्या अक्षरात चिठ्ठी असे: कुठे सापडली, कोणाला सापडली, पट्टे किती. माझी गाडी अर्थातच बाहेर, बर्फात.

हे पट्टे कसे होतात, ते त्यांनी मला बावीस वर्षांत निदान दोनशे वेळा समजावलं असेल.

"लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकतात, मिलिंदराव. त्या पोकळीत पाणी झिरपतं आणि पाण्यातली सिलिका भिंतीला चिकटते. एक थर, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. मग सगळ्यात जुना पट्टा कुठला?"

"मधला," मी म्हणायचो. "झाडासारखं."

"झाडाच्या बरोब्बर उलट हो!"

अप्पा कपाळाला हात लावायचे आणि पुन्हा लाव्हापासून सुरुवात करायचे. मी मान डोलवायचो आणि मनाने ऑफिसच्या मीटिंगमध्ये जाऊन बसायचो. आता वाटतं, एकदा तरी बरोबर उत्तर द्यायला हवं होतं.

फेब्रुवारीत अप्पा झोपेतच गेले. त्या दुपारी गुरुजींचा फोन आला. (आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतात.)

"मिलिंद, उद्या एक दगड लागेल. अश्मा. त्याने मडक्याला भोक पाडायचं आणि मग फडक्यात बांधून दहा दिवस तोच दगड अप्पांच्या जागी. दहाव्याला पाण्यात सोडायचा."

"कसला दगड?"

"कसलाही चालेल रे. मुठीत मावला म्हणजे झालं."

बाहेर दोन फूट बर्फ. अख्ख्या शॉमबर्गमध्ये जमीन दिसत नव्हती, तर दगड कुठून दिसणार? म्हणून गराजमध्ये गेलो. पण मी काही मूर्ख नव्हे. अप्पांची एकही लाडकी चकती मी हलवली नाही, चिठ्ठी असलेल्या एकाही दगडाला हात लावला नाही. सगळ्यात वरच्या फळीवर, दह्याच्या जुन्या डब्यात, बिनचिठ्ठीचा एक काळपट ओबडधोबड धोंडा होता. तो घेतला आणि स्वतःच्या समंजसपणावर खूश झालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला तेव्हा आठवली नाही.

फ्युनरल होमच्या मॅनेजरने कार्पेटवर पाणी सांडायला मनाई केली होती. त्यामुळे अप्पांची एकुलती एक लेक वैशाली खांद्यावर मडकं घेऊन फिरली आणि तिच्या मागून गुरुजी टर्की भाजायचा ट्रे धरून चालले. मडकं फोडायचं काम माझं. पहिल्याच टोल्यात फुटलं. "दगड दणकट आणलास," गुरुजी म्हणाले, आणि तेवढ्यातही मला बरं वाटलं.

दहाव्याला गुरुजी, वैशाली आणि मी मिशिगन लेकवर गेलो. आमची मुलगी इरा कॉलेजमधून आली होती, ती आईंजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ, घरी थांबली. (पिंडाला कावळा आला नाही, सीगल आला. गुरुजींनी तो चालवून घेतला.) वैशालीने फडक्यातून काढून, डोळे मिटून दगड सोडला. तळं गोठलेलं होतं. दगड टणकन आपटला, घसरत घसरत पन्नास फूट गेला आणि थांबला. आम्ही हात जोडून बघत राहिलो.

"बर्फ वितळला की होईल विसर्जन," गुरुजी म्हणाले.

"नाहीतरी अप्पांना कुठूनही पटकन निघायची सवय नव्हती," वैशाली म्हणाली आणि रडायला लागली.

घरी पोचलो तर इरा दारातच उभी. "बाबा, आजोबांचा विहिरीचा दगड कुठेय? दह्याच्या डब्यातला?"

मी तिला तळ्याचं सांगितलं आणि तिने मला विहिरीचं.

अप्पांच्या वडिलांनी गावी विहीर खणली, तेव्हा काळ्या खडकातून निघालेली ती गारगोटी. अप्पांनी ती बॅगेतून अमेरिकेत आणली आणि पन्नास वर्षं कापली नाही. मे महिन्यात इरा ग्रॅज्युएट झाली की आजोबा-नात मिळून कापणार होते.

"पण तिला चिठ्ठी नव्हती," मी म्हणालो.

"कशी असेल?" आई शांतपणे म्हणाल्या. "आत किती पट्टे आहेत, ते कळल्याशिवाय ते चिठ्ठी लिहीत नसत."

वैशाली, इरा आणि मी तसेच परत निघालो. वाटेत इरा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आजोबा म्हणायचे, सगळ्यात शेवटी येतो तो पट्टा मधोमध बसतो. तशी तू, म्हणायचे." मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मीटिंगमध्ये होतो.

किनाऱ्यावर पोरांनी तेवढ्यात बर्फावर दगड घसरवायचा खेळ मांडलेला. आता तिथे तीसचाळीस दगड. गाडीतला बर्फ झाडायचा ब्रश घेऊन मी दोन पावलं पुढे टाकली, तोच मागून एक पोलीस ओरडला.

"सर, मागे या! काय पडलंय तिकडे?"

दहा दिवस त्या दगडाला अप्पा समजून रोज नमस्कार केला होता. तोंडातून निघून गेलं, "माझे सासरे."

सातव्या मिनिटाला अग्निशमन दलाची गाडी हजर. दोर, शिडी आणि नारिंगी सूट घातलेला एक धिप्पाड माणूस. वैशालीने रडत रडत त्याला सगळं सांगितलं. त्याने एकदा स्वतःच्या सूटकडे पाहिलं.

"सूट घातलाच आहे. ट्रेनिंग झालं असं समजू. कुठला दगड?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तो," मी म्हणालो.

"नक्की?"

"शंभर टक्के."

पोटावर सरपटत जाऊन त्याने तो आणला आणि दोन्ही हातांनी वैशालीच्या ओंजळीत ठेवला. वैशालीने गुरुजींना फोन लावला. "शास्त्रात याची तरतूद नाही," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

घरी आईंनी दगड हातात घेतला, जोखला. "कापा. आता मेपर्यंत थांबवत नाही."

अप्पांनी शिकवलं होतं तशी इराने करवत चालवली. दोन भाग झाले. आत करडा रंग आणि बारीक खडी. पट्टा एकही नाही.

इरा अप्पांच्या स्टुलावर बसून हमसून हमसून रडायला लागली. कुठे बघावं ते मला कळेना. आईंनी चष्मा लावून दोन्ही तुकडे पाहिले.

"अहो, हे काँक्रीट."

आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. "जन्मभर हेच ओतलं त्यांनी. जावयाने नेमकं तेच शोधून आणलं." हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

पुन्हा अग्निशमन दलाला बोलवायचं नाव कोणी काढलं नाही. मार्चमध्ये बर्फ वितळला, खरी गारगोटी तळाला गेली. आत किती पट्टे होते, ते आता कोणालाच कळणार नाही. इराने काँक्रीटचा अर्धा तुकडा पॉलिश करून अप्पांच्या फळीवर ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली: ठिकाण, मिशिगन लेक. सापडलं कोणाला, बाबांना. पट्टे, शून्य.

हल्ली पाहुणे आले की त्यांना गराजमध्ये नेऊन पट्टे मी समजावतो. बाहेरचा सगळ्यात जुना, मधला सगळ्यात नवा. अगदी बरोबर सांगतो, अप्पांनी ऐकायला हवं होतं. फक्त सांगताना हातात काँक्रीट असतं.