बिनशिक्क्याची फुलदाणी

“आप्पा काचेच्या कारखान्यात भट्टीवर हमाली करायचे, कुसुम. कोळसा टाकायचे. त्यांच्या हातात फुंकनळी कोण देत होतं?”

“मग फुलदाणी आप्पांनी केली, हे आईनं खोटं सांगितलं व्हय?”

“आईला कुठल्यातरी साहेबानं दिली असंल. इटलीची हाय ती. मोबाईलवर फोटो टाकला, त्यानं पण इटलीच सांगितली.”

“मोबाईलनं उचलून बघितली का?” हे मी विचारलं. माझ्या दुकानात भांडायचं आणि मला त्यात धरायचं नाही, हे चालत नाही.

विलासराव राजारामपुरीचे. कुसुम त्यांची धाकटी बहीण, चंदगडला दिलेली. मधे टेबलावर फुलदाणी. धुरकट हिरवी, वीतभर उंच, अंगावर पांढऱ्या काचेची तार गुंडाळत वर गेलेली. शिक्का नाही, लेबल नाही. जुनी वस्तू कुठली, कुणी केली हे मी चिठ्ठीवर लिहून बुडाला चिकटवते. माझी चिठ्ठी मुंबईतही चालते. मी ‘इटली’ लिहिलं की संध्याकाळी एक व्यापारी ती घेऊन जाणार होता. कुसुमला ती घरात राहायला हवी होती, आणि चिठ्ठीवर बापाचं, आप्पांचं नाव. तिची एसटी पाचची. दर मिनिटाला घड्याळ बघत होती. विलासराव डाव्या हातानं चहाचा कप उचलत होते आणि न पिता खाली ठेवत होते.

“डावा हात तेवढा आप्पांचा आलाय तुझ्यात,” कुसुम म्हणाली. “बाकी काय न्हाय.”

फुलदाणी दोनदा टेबलाच्या कडेला गेली. मी ती माझ्याकडे ओढली.

* * *

असली भांडणं दुकानात धुळीसारखी साचतात. धूळ मी रोज पुसते, किस्से तसेच राहतात. माझं शिक्षण चौथी. पुढं वीस वर्षं भंगारात बाटल्या निवडल्या. पांढरी इकडं, हिरवी तिकडं, तपकिरी पलीकडं. पुस्तकं वाचून ज्यांना काच कळते त्यांना कळू दे. मला बोटांनी कळते.

* * *

एक डॉक्टरीणबाई दिव्याची हंडी घेऊन आल्या. “बेल्जियमची आहे, हातानं फुंकलेली. चिठ्ठी द्या.” मी हंडीवरून अंगठा फिरवला. दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत बारीक रेघ लागली, इस्त्रीच्या घडीसारखी.

“बाई, साच्यातली हाय. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ ही.”

“पण आमच्या सासूबाई बेल्जियम म्हणतात.”

“मग सासूबाई बेल्जियमच्या असतील.”

बाई पुन्हा आल्या नाहीत. सासूबाई मात्र आल्या. पोट धरून हसत होत्या.

* * *

पुण्याहून एक तरुण जाणकार आला होता. खिशात जांभळ्या उजेडाचा टॉर्च. जुनी काच या उजेडात चमकते, असं त्यानं मला उभ्या उभ्या अर्धा तास समजावलं. मग दुकानाचं दार लावून अंधार केला आणि एकेक वस्तूवर टॉर्च मारत सुटला. काही चमकेना. मला हसू आलं, आणि माझी कवळी लखलखली.

“चिठ्ठी लावू काय हिला?” मी विचारलं.

* * *

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकाल त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. एका वाडग्याच्या बुडाला ओरखडे बघून मी ‘जुना’ लिहून दिलं. वाडगा घेऊन गिऱ्हाईक नुकतंच पायरी उतरत होतं. शेजारचा आरसेवाला रफीक तिथंच उभा. त्यानं वाडगा मागून घेतला, उलटा केला.

“मावशी, घासकागद लावलाय. सगळे ओरखडे एकाच दिशेला हाईत. वापरातले चहूकडं जातात.”

मी माझी चिठ्ठी ओरबाडून काढली. रफीकशी चार दिवस बोलले नाही. खरं बोलला म्हणून. पाचव्या दिवशी त्याला जेवायला बोलावलं आणि ताट उलटं करून बघत बसले. तो म्हणाला, “मावशी, जेवू तरी दे.”

* * *

महादूकाका जन्मभर काच फुंकलेले. म्हातारपणी पोराकडं इचलकरंजीत राहायचे. यंत्रमागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं. मी विचारलं, काचेवर तार कशी चढवतात. त्यांनी स्वयंपाकघरातून चुलीची फुंकणी आणली आणि सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं. उजव्या हातानं फुंकणी फिरवली, सुतळी गुंडाळत वर गेली. मग हात बदलला. सुतळी उलटी चढली.

“डावऱ्याची तार लगेच वळखू येती,” काका ओरडले. “शिफ्ट सुटली की उरलेल्या काचंचं आम्ही घरला न्यायला कायबाय करायचो. कोळसेवाला पण नळी घ्यायचा.”

“त्यावर शिक्का?”

“शिक्का मालकाचा. ते आमचं.”

* * *

तर चार वाजून गेले होते. विलासराव म्हणाले, “मावशी, लिवा की. व्यापारी यायचा.” कुसुम पिशवी छातीशी धरून दारात उभी राहिली होती.

मी फुलदाणी उजेडात धरली. हा धुरकट हिरवा रंग आप्पांच्या कारखान्यातल्या बाटल्यांचा. वीस वर्षं निवडलाय, झोपेत ओळखीन. मग तारेवर बोट ठेवलं आणि बुडापासून वर नेलं. बोट उलटं फिरलं. पुन्हा नेलं. पुन्हा उलटं.

मी चिठ्ठी समोर घेतली, पेनचं टोपण काढलं. विलासरावांनी पुन्हा कप उचलला.

“पावणं,” मी म्हटलं, “आधी तुमचा चहाचा हात बघा, मग ही तार बघा, आणि मग मला सांगा, इटली कुठं लिहू.”